बैलाची शिवण

कात्री लागत नव्हती. सुतळीला मीच मेण चोळलं होतं, मीच दुहेरी पीळ दिला होता, आणि आता त्याच सुतळीची झालर तेस्फायच्या गळ्याला आवळून बसली होती. तिचं सुटं टोक सेलामच्या घोट्याभोवती गुंतलं होतं. तो सर्कशीच्या रिंगणात गादीच्या काठावर उताणा पडला होता. मान एका अंगाला, माणसाची मान वळू नये तितकी वळलेली. सेलाम, त्याची धाकटी बहीण, त्याच्या छातीवर आडवी पडून आपला पाय सोडवायला ओढत होती. ती ओढायची तशी त्याची मान हलायची. "ओढू नको गं, ओढू नको," मी ओरडत होते. तिला मराठी कुठलं कळायला!

लाउडस्पीकरवर ढोल वाजतच होता. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, पडणं हा खेळातलाच भाग आहे. कात्री घेऊन रिंगणात धावलेली म्हातारी, तीही सोंगातलीच असेल. मागून कुणीतरी ओरडलं, "शाब्बास रे जंगल्या!"

तिसऱ्या कातरीला सुतळी तुटली. तुटली ती मध्येच. माझा टाका उसवला नाही.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. यंदाही तुरी निघाल्यात. बिदर जिल्ह्यातल्या आमच्या हुलसूरच्या रस्त्यानं तुराट्यांचे भारे घेऊन ट्रॅक्टर जातात, भुसकट उडतं, अंगाला खाज सुटते. ज्या रानात त्या वर्षी सर्कशीचा तंबू होता, त्या रानातली तूर काढून परवाच राशी झाल्या. आता तिथं पाळण्याचे खांब उतरलेत. जत्रा तोंडावर आली की आमच्याकडं जनावरांचा बाजार भरतो आणि लोक झुली शिवायला घेऊन माझ्या ओट्यावर येतात. काल एक जण आला. मी त्याला विचारलं, "पक्की शिवू का कच्ची?" तो हसायला लागला.

"काय इचारायलाव अक्का? बैलाला कच्ची झूल कोण घालतंय?"

बरोबर आहे त्याचं. मी चौथी शिकलेली. वयाच्या बाराव्या वर्षापासून दाभण हातात आहे. आधी तुरीची पोती शिवली, मग झुली, मग मशीन घेऊन पोलकी आणि परकर. पण नाव झालं ते झुलींनी. बैल शिंगानं ओढतो, खुंटाला घासतो, बाजारात दुसऱ्या बैलाशी भिडतो, तरी माझी झूल फाटली नाही पाहिजे. कोहिनूर गावापासून इथपर्यंत लोक सांगायचे, मुक्ताक्काची शिवण बैल मेला तरी उसवत नाही. मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला सांगू?

सर्कशीचा मॅनेजर त्या झुली बघूनच आला होता. ओट्यावर दोन झुली टांगलेल्या होत्या, त्यांना सुतळीची लांब झालर, कवड्या, गोंडे. त्यानं झालर हातात धरून ओढून बघितली.

"मौसी, बस ऐसाच चाहिए. कमर को भी, गले को भी. आफ्रिका का जंगल दिखाना है."

"माणसाला घालायचं?"

"हां, आदमी को. पब्लिक को यही पसंद है."

माप घ्यायला माणसं पाठव, एवढंच मी म्हटलं. झुलीची झालर माणसाच्या गळ्यात कशाला, हे मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला कशाला हवंय ते विचारायची शिवणाऱ्याची रीत नाही. ही रीत मी आयुष्यभर पाळली.

दुसऱ्या दिवशी तिघं आली. तेस्फाय, सेलाम आणि अलेमू. इथिओपियाची. अंगात आपल्या पोरांसारखेच पँट-टीशर्ट, पायांत चपला. मागं गल्लीतली सगळी पोरं, "हबशी, हबशी" करत. माझ्या शेजारची रशीदाबी बांगड्या विकते. ती टोपली खाली ठेवून पोरांच्या अंगावर धावली.

"अरे पोट्ट्यांनो, क्या तमाशा है? तुमारे मामू की बारात आयी क्या?"

पोरं पळाली. तेस्फाय हसला. त्याला वर्षभर हिंदुस्थानात राहून मोडकीतोडकी हिंदी यायला लागली होती. रशीदाबीनं त्याला विचारलं, "तुमारे उधर शेर बहुत रहते क्या जी?"

"शेर?" तो म्हणाला. "मैं शहर का आदमी, अम्मा. पहला शेर पिंजरे में देखा."

"तो फिर हमारे हुलसूर के कुत्ते देखो," रशीदाबी म्हणाली. "शेर भूल जाते तुम."

मी माप घेतलं. अलेमू सगळ्यात थोराड, कारण मनोऱ्यात तोच खाली उभा राहायचा. त्याच्या खांद्यावर तेस्फाय, तेस्फायच्या खांद्यावर सेलाम. मग सेलाम वरून उडी मारून हवेत कोलांटी घ्यायची आणि गादीवर पायांवर उतरायची. तेस्फायचा गळा साडेपंधरा इंच भरला. माणसांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, मापं राहतात. ह्याचं दोन्ही राहिलं.

त्यांचा दुपारचा खेळ तीनला असायचा. सकाळी त्यांना काम नसे, म्हणून ती माझ्या अंगणात येऊन बसायला लागली. सेलाम कधी कधी कॉफीच्या हिरव्या बिया आणायची, त्यांच्या देशातून आणलेल्या. शेगडीवर माझ्याच तव्यात भाजायची. त्या धुराचा वास तुरीच्या भुसकटाच्या वासात मिसळायचा. आम्ही चहावाली माणसं, ती कडू कॉफी मला गिळवत नव्हती. पण एकदा दिली की ती तीनदा देणार, आणि तिन्ही वेळा घ्यायची, हा त्यांच्याकडचा रिवाज. बरोबर फुटाण्यासारखं काहीतरी खायला हवं म्हणून मी ज्वारीच्या लाह्या दिल्या. तेस्फायनं मूठभर लाह्या हातात घेतल्या आणि बराच वेळ नुसता बघत बसला.

"काय बघायलास?" मी विचारलं.

"माशिला," तो म्हणाला. "हमारा भी यही. मेरी मां के खेत में."

मी त्याला मागच्या रानात नेलं. ज्वारी हुरड्याला आली होती. त्यानं एक कणीस वाकवून तळहातावर तोललं, दाणा दाबून दूध बघितलं. शेतातला माणूस बघतो तसं. शहरातला आहे म्हणाला होता, पण आईचं शेत हातातून जात नाही.

तो सांगायचा, त्याच्या गावी सर्कस आहे, पण ती अशी नाही. रस्त्यावरच्या पोरांना गोळा करून तिथं खेळ शिकवतात. जनावर एकही नाही. माणसाच्या मनोऱ्यातून ते गोष्ट सांगतात. पाऊस न आलेल्या सालाची, लग्नाची, कॉफी भाजणाऱ्या बाईची. "उधर सर्कस में हम अपनी कहानी करते," तो म्हणाला. "इधर मॅनेजर की कहानी." तो उठून खांदे हलवून दाखवायचा. बाकी अंग स्थिर आणि नुसते खांदे सुटल्यासारखे हलायचे. तो त्यांच्याकडचा नाच. हा नाच इथं दाखवू दे म्हणून त्यानं मॅनेजरला सांगितलं होतं. मॅनेजर म्हणाला, ह्यात आफ्रिका कुठं दिसतंय?

त्यानं मला त्याचा तिथला पोशाख दाखवला. पांढऱ्या सुती कापडाचा सदरा, काठाला हिरवं-पिवळं-तांबडं विणकाम. आईनं शिवलेला. मी हातात घेऊन उलटा केला आणि मला हसू आलं. गळा आणि खांदे नुसत्या धावदोऱ्यानं जोडलेले. एवढं सुरेख कापड आणि शिवण अशी की पोरगंसुद्धा ओढून उसवेल.

"तुझ्या आईला शिवता येत न्हाई रे," मी म्हटलं. रशीदाबीनं ते हिंदीत सांगितलं. तो खूप हसला.

"मां को बोलूंगा," म्हणाला.

कामून असा टाका, हे मी तेव्हाही विचारलं नाही.

सोमवारी खेळ नसे. मला बिदरला सुतळी आणि कवड्या आणायच्या होत्या. रशीदाबी म्हणाली, ह्यांनाही ने, हबशी कोट दाखव. बिदरला किल्ल्याजवळ ती टेकडी आहे. तिच्यावर हबशी सरदारांच्या कबरी आहेत. जुन्या काळी बादशहाच्या दरबारात त्यांचा मोठा मान होता, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तरी शिवी द्यायची झाली की हबशीच म्हणतात. भालकीवरून बसनं आम्ही गेलो. चढ चढताना माझे गुडघे बोलत होते. वर गेल्यावर तेस्फायनं चपला काढल्या. एका घुमटाच्या सावलीत बसून त्यानं दगडावर हात ठेवला. सेलाम त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारत होती. मग तो माझ्याकडं बघून म्हणाला,

"अम्मा, यहां हम राजा के आदमी. तंबू में बंदर."

मी ऐकलं. उन्हात डोळे बारीक करून किल्ल्याकडं बघत राहिले. आणि येताना बाजारातून त्याच्याच गळ्याच्या झालरीसाठी कवड्या घेतल्या.

मला हे कळायला हवं होतं. कारण मला एकदा असंच सजवलं होतं. तालुक्याला कसला तरी कार्यक्रम होता, कानडी, मराठी, तेलुगू, उर्दू अशा सगळ्यांची संस्कृती दाखवायची. मराठी बाई म्हणून मला उभं केलं. माझं इरकल लुगडं बघून कार्यक्रमवाल्या बाई म्हणाल्या, हे तर कर्नाटकातलं, मराठी वाटत नाही. मला चकचकीत नऊवारी गुंडाळली, नाकात चापाची मोठी नथ लावली. माझ्या आजीनं, पणजीनं इरकलच नेसलं. नथ आमच्या घरात कधी नव्हतीच. इथं आम्हाला मराठी म्हणतात, लातूरला गेलं की कानडी म्हणतात, आणि आपण कोण ते दाखवायचं झालं की दुसराच कुणीतरी कपाटातून कपडे काढून देतो. त्या दिवशी नाक दुखलं, ते रात्रीपर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढं होऊनसुद्धा पुढं मी एका माणसाच्या गळ्यात बैलाची झालर शिवली.

मॅनेजर झालरी कुठवर आल्या बघायला आला तेव्हा म्हणाला, "मौसी, गले को एकदम पक्का करना. लातूर में इन लोगों ने खेल के बीच में फाड़ के फेंक दिया था. जानबूझ के. नखरे हैं."

त्या दिवशी संध्याकाळी तिघं घालून बघायला आली. कमरेची झालर ठीक बसली. गळ्यातली घातल्यावर तेस्फायनं बोट आत घालून ओढून बघितली. पुन्हा ओढली. मग मानेच्या मागं जिथं जोड होता तिथं बोट ठेवून म्हणाला,

"अम्मा, इधर कच्चा. पक्का नको. कच्चा."

"नको" हा शब्द तो माझ्याकडूनच शिकला होता.

मला वाटलं, झालं, मॅनेजर म्हणाला ते खरंच आहे. ह्याला हे घालायचं नाही. टाका कच्चा ठेवला की भर खेळात ओढून फेकून देईल आणि लोक म्हणतील, मुक्ताक्काची शिवण उसवली. त्याला घालायचं नव्हतं हे खरंच होतं. मलाही त्याचं वाईट वाटत होतं. पण वाईट वाटणं वेगळं आणि आपलं नाव वेगळं. मी त्याला म्हटलं,

"माझ्या हाताला कच्चं येत न्हाई बाबा."

रशीदाबी म्हणाली, "कर दे ना अक्का, बोल रहा है बेचारा तो."

"तू बांगड्या भर," मी म्हटलं. "शिवण माझ्यावर सोड."

त्यानं हात जोडले. विनवणीचे होते का निरोपाचे, मला सांगता येणार नाही. ती गेल्यावर मी त्या जोडावर दाभणानं आणखी एक टाक्यांची ओळ घातली. उलटे टाके, ओढून, बैलाला घालते तसे.

दुसऱ्या दिवशी तीनच्या खेळाला मॅनेजरनं मला पहिल्या ओळीत बसवलं. शिवणारीचा मान. लाउडस्पीकरवर कानडीत, मराठीत, हिंदीत सांगितलं, आता येताहेत आफ्रिकेच्या जंगलातले रानटी लोक. तिघं हू हू करत आली. सकाळी माझ्या अंगणात कॉफी ओतणारी सेलाम दात विचकत पोरांच्या अंगावर धावली. पोरं किंचाळली, मग हसली. मी तेस्फायकडं बघत नव्हते, झालरीकडं बघत होते. कशी बसलीय, कवड्या सरळ पडल्यात का. मनोरा उभा राहिला. सेलाम त्याच्या खांद्यावर चढताना तिचा पाय झालरीच्या धाग्यांत गेला. मी बघितलं. धागे तिच्या घोट्याला वेढले. ती उडी मारायला वाकली, आणि मी ओरडायला तोंड उघडलं, तोवर ती सुटली होती. ती हवेत आणि तिच्या पायाला बांधलेली त्याची मान. अलेमूनं दोन्ही हातांनी त्याचे पाय धरायचा प्रयत्न केला. वरचं दोघांचं ओझं त्याच्यावरून निघून गेलं आणि तो तसाच हात वर करून उभा राहिला.

गाडी आली, तिघांना बिदरच्या दवाखान्यात नेलं. पोलीस ठाण्याचा जमादार आला. तो कानडीत लिहून घेत होता. मी त्याला सांगितलं, ती झालर मी शिवली. तो म्हणाला, "बरं." मी म्हटलं, "त्यानं कच्चा टाका मागितला होता, मी पक्का घातला." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "शिवणीचा काय संबंध? घरी जा अक्का." ते त्यानं लिहिलं नाही. मॅनेजरनं एक दिवस तंबू बंद ठेवला. मग पुन्हा खेळ सुरू झाले, आणि संध्याकाळी ज्वारीत कणसं मोडत असले तरी मला तो ढोल ऐकू यायचा.

सेलाम पाचव्या दिवशी आली. घोट्याला पट्टी, अलेमूच्या आधारानं लंगडत. मी उठले नाही. रशीदाबीनं तिला धरून ओट्यावर बसवलं. मला वाटलं, आता ही मला बोलणार. बोलावं असंच मला वाटत होतं. तिनं पिशवीतून तो पांढरा सदरा काढला, आईनं शिवलेला. गळ्याला धरला आणि जरासं ओढलं. कर्र करून धावदोरा निघून आला. गळा एका हातात, सदरा एका हातात. कापडाला काही झालं नाही.

"ऐसा," ती म्हणाली.

मग तिच्या मोडक्या हिंदीत तिनं सांगितलं. उंच चढणाऱ्याचा कपडा असाच शिवतात. कुठं अडकला तर कपडा सुटला पाहिजे, माणूस नाही. लातूरला तिचा पाय असाच अडकला होता. झालर फाटली, ती नीट पायांवर उतरली. मॅनेजरनं बघितली ती फाटलेली झालर. लोकांनी बघितली ती उडी.

त्याची आई हे जाणून होती. मी तिला शिवता येत नाही म्हणाले होते.

सेलामनं सदरा माझ्या मांडीवर ठेवला. त्याला शेवटचा हा घालून न्यायचंय, गळा पुन्हा जोडून दे, म्हणाली. मी सुई घेतली, साधी, दाभण नाही. हात सवयीनं टाका ओढायला जायचा, मी थांबवायचे. एवढ्या वर्षांत मी कच्चा टाका कधी घातला नव्हता. आता ज्याला तो कधीच लागणार नाही त्याच्यासाठी घालत होते. सेलाम बघत होती. एका ठिकाणी मी जास्त ओढलं तेव्हा तिनं माझ्या बोटावर बोट ठेवलं. मी सैल केलं. शिवून झाल्यावर तिनं ओढून बघितलं नाही. घडी घातली, पिशवीत ठेवली.

निघताना अलेमूनं माझ्या टोपलीतल्या मूठभर लाह्या घेतल्या आणि खिशात घातल्या.

यंदा झुली मी शिवतेच आहे. बैलाला पक्कीच लागते, तिथं माझं काही चुकलेलं नाही. फक्त आता माप द्यायला माणूस आला की मी त्याला विचारते, कशासाठी, काय करणार, कुठं चढणार. लोक म्हणतात, म्हातारी चौकशी फार करायलीय. रशीदाबी म्हणते, "अब पूछती है." तिला तेवढा हक्क आहे. जनावरांच्या बाजारातून परवा एक सर्कसवाला येऊन गेला, दुसऱ्या कंपनीचा. झालर हातात घेऊन ओढत होता. माणसासाठी मी झालर शिवत नाही म्हणून त्याला परत लावून दिलं. तो दुसऱ्या कुणाकडून शिवून घेईल. तेही मला माहीत आहे.

त्या दुपारी मनोऱ्यात तिघं होती. सेलाम वाचली. अलेमू वाचला.